ओढणारे आणि वळणाऱ्या

मराठीत विडीला दोन क्रियापदे आहेत. विडी ओढतात आणि विडी वळतात. ओढणे हे बहुतांशी पुरुषांचे क्रियापद. वळणे हे, निदान आजच्या महाराष्ट्रात, जवळजवळ सर्वस्वी बायकांचे. लाडू, वाती, शेवया ज्या हातांनी वळल्या जातात त्याच हातांनी सोलापूर, सिन्नर, संगमनेर या गावांत विड्याही वळल्या जातात, आणि घरातल्या इतर वळण्याप्रमाणेच हे वळणेही कुणाच्या नजरेत भरत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : आधुनिक मराठी साहित्याने, आणि त्याहून अधिक मराठी समीक्षेने, तंबाखूविषयी जे काही लिहिले ते मुख्यतः 'ओढणे' या क्रियापदात लिहिले. 'वळणे' हे क्रियापद कामगार खात्याच्या आणि संघटनांच्या अहवालांकडे सोपवून दिले. ही वाटणी अनवधान म्हणून सोडून देता येणार नाही. तिच्यामागे अभिरुचीची एक पक्की उतरंड आहे, आणि साहित्य शिकवणारे आपण लोक ती वर्गावर्गांतून पुढच्या पिढीच्या हाती देत आलो आहोत.

ही उतरंड ओळखायला फार खोल जावे लागत नाही. आपल्या कथाकादंबऱ्यांत पाइप आला की पात्र विचारवंत असते. सिगारेट आली की ते एकाकी, आधुनिक आणि शहरी असते. लेखकाला त्याच्या मनाचा ठाव लागेनासा झाला की ते नवी सिगारेट शिलगावते. चिरूट साहेबाच्या, नाहीतर खलनायकाच्या तोंडात. चिलीम आणि विडी ही ग्रामीण रंग भरण्याची साधने. पात्राने कानावरची विडी काढली की वाचकाने समजावे, आपण खेड्यात आलो. धूम्रपानाच्या साधनावरून पात्राचा वर्ग ठरवण्याची ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला संकेत म्हणून ओळखणेही आपण सोडून दिले आहे. साठोत्तरी पिढीच्या आठवणी वाचाव्यात. इराण्याचे हॉटेल, निम्मा कप चहा, रात्री उशिरापर्यंतचे वाद आणि धूर. धूर हा तेथे प्रतिभेचा दृश्य पुरावा असतो. तो ज्या पानातून निघाला ते कुणी कातरले, कुणी बांधले, हा प्रश्न त्या टेबलावर सहसा कुणी विचारत नाही.

गंमत अशी, की समाज म्हणून आपण धूर काढणारे लोक फारसे नाहीच. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी अवघे ३.८ टक्के लोक धूम्रपान करतात. तंबाखू चघळणारे, मळून खाणारे वा मिश्री लावणारे २४.४ टक्के आहेत. म्हणजे मराठी तंबाखू मुख्यतः तळहातावर मळली जाते आणि दाढेखाली धरली जाते. पण पिचकारीची प्रतिमा होत नाही, धुराची होते. दाताला मिश्री लावणाऱ्या आजीचे छायाचित्र कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर शोभत नाही, सिगारेट धरलेल्या कवीचे शोभते. साहित्याने समाजाचे प्रतिबिंब दाखवावे असा बाळबोध आग्रह मी धरत नाही. पण निवड कोणत्या बाजूने झुकते आहे, हे तरी पाहायला हवे.

अलीकडे या परंपरेला नवी झालर लागली आहे. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतून सिगारसाठी राखीव दालने निघाली आणि रविवारच्या पुरवण्यांतून सिगारच्या 'आस्वादा'वर लेख येऊ लागले. आत भरायचे पान, ते बांधून धरणारे पान आणि बाहेरून गुंडाळायचे पान. ती मुरवण्याची रीत. हवानाच्या कारागिराची बोटे. या साऱ्याचे वर्णन ज्या भक्तिभावाने केले जाते तो भाव एरवी आपण घराणेदार गायकीसाठी राखून ठेवतो. आणि या वर्णनाची सम ठरलेली असते : हा सिगार यंत्राने केलेला नाही, हाताने वळलेला आहे.

मग विडी कशाने वळतात? टेंभुर्णीची पाने, ज्यांना व्यापारात तेंदूपत्ता म्हणतात, भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची. पत्र्याच्या मापावर धरून ती कात्रीने चौकोनी कापायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखूचा चुरा. चिमूटभर, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास, तंबाखू पानावर पसरायची, पान एका टोकाला निमुळते होईल असे वळायचे, तोंडाची कड आत दुमडायची आणि बारीक टोकाशी दोऱ्याचे वेढे द्यायचे. दिवसाला आठशे ते हजार वेळा. यात यंत्र कुठेही नाही. हाताने वळलेले असणे हा जर गौरव असेल, तर विडीइतकी गौरवास पात्र वस्तू दुसरी नाही. प्रत्यक्षात तोच गुण सिगारची किंमत चढवतो आणि विडीची पाडतो. कारण हवानाच्या हाताला 'कौशल्य' म्हटले जाते आणि सोलापूरच्या हाताला 'फावला वेळ'. हवानाचा कारागीर वर्षानुवर्षे उमेदवारी करून शिकतो असे आपण आदराने लिहितो. सोलापूरची मुलगी आईशेजारी बसून बालपण घालवून शिकते, त्याला मात्र शिक्षण म्हणायला आपण तयार नसतो. हाताची किंमत बाजार ठरवतो हे खरे, पण हाताची प्रतिष्ठा शब्दांनी ठरते, आणि शब्दांचे खाते आपल्याकडे आहे.

शब्द तरी किती स्पष्ट बोलतात पाहा. 'चिरूट' हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'पासून आला, आणि त्याचा मूळ अर्थच 'गुंडाळणे, वळणे' असा आहे. त्रिचनापल्ली आणि दिंडिगलच्या वळणाऱ्या हातांची क्रिया युरोपी जिभांवरून फिरून आपल्याकडे साहेबी वस्तूचे नाव होऊन आली. 'विडी' ही 'वीटिके'ची, म्हणजे पानाच्या विड्याची, धाकटी बहीण. विडा म्हणजेही पानाची घडी घालून, वळून केलेली वस्तू. दोन्ही नावांत करणाऱ्याचा हात आहे. ओढणाऱ्याचे ओठ एकातही नाहीत. भाषेने जी नोंद ठेवली ती साहित्याने पुसली, असे म्हणावे लागते.

ही पुसापुशी जुनी आहे. तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी, पण मोगल दरबारात ती पोचली आपल्या शेजारच्या विजापुराहून. अकबराचा वकील असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास ती तेथून आणली आणि त्याचे वर्णनही लिहून ठेवले. त्यात रत्नजडित नळी आहे, बादशहाचे कुतूहल आहे, हकिमांचा विरोध आहे. तंबाखूच्या आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या लेखी नोंदींपैकी ही एक, आणि तीही ओढणाऱ्याच्या बाजूची आहे. पीक कुणी लावले, पाने कुणी खुडली, याची चौकशी दरबारी गद्याला करायची नव्हती. चारशे वर्षांनंतरच्या लोकशाही गद्याला तरी ती करायला हरकत नसावी.

येथे आक्षेप येईल की साहित्य म्हणजे कामगार आयोगाचा अहवाल नव्हे. वळणारीच्या आयुष्यात नाट्य नसेल तर लेखकाने काय करावे? हा आक्षेप घेणाऱ्यांनी युरोपातल्या अतिशय लोकप्रिय नायिकांपैकी एकीचा व्यवसाय आठवून पाहावा. प्रॉस्पेर मेरिमेची १८४५ सालची कार्मेन आणि बिझेच्या १८७५ सालच्या ऑपेरातली कार्मेन ही सेव्हिलच्या तंबाखू कारखान्यातली सिगार वळणारी कामगार आहे. तिच्या वाट्याला मोहिनीचा साचा आला, आणि त्याविषयी स्त्रीवादी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. पण वळणारी बाई रंगमंचाच्या मध्यभागी उभी राहू शकते हे तर सिद्ध झाले. ज्या इमारतीत तो कारखाना होता तेथे आज सेव्हिलचे विद्यापीठ आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा बोलके उदाहरण कोणते द्यावे?

त्याहून महत्त्वाची गोष्ट हवानाची. १८६५ साली तिथल्या 'एल फिगारो' या सिगार कारखान्यात कामगारांनी एक प्रथा सुरू केली : सगळ्यांनी वळायचे आणि एकाने उंच जागी बसून मोठ्याने वाचायचे. त्या वाचकाची मजुरी कामगार आपल्या पदरची देत. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. कोणती कादंबरी हेही कामगारच ठरवत. लगेच पुढच्या वर्षी सरकारने या वाचनावर बंदी घातली, यावरून त्याची ताकद कळावी. पुढे ही प्रथा फ्लॉरिडातल्या टँपापर्यंत गेली, आणि १९३१ साली मालकांनी तेथील वाचक हटवले. 'माँटेक्रिस्टो' आणि 'रोमिओ इ हुलिएता' ही सिगारच्या नामांकित छापांची नावे द्यूमाच्या कादंबरीवरून आणि शेक्सपिअरच्या नाटकावरून आली आहेत. नीलो क्रूस या नाटककाराने टँपातल्या अशाच एका वाचकावर, 'आना कारेनिना' वाचून दाखवणाऱ्यावर, नाटक लिहिले. त्याला २००३ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आणि फार लांब जायला नको. कण्णूरच्या विडी कारखान्यांतही हेच घडत होते. एकाने वर्तमानपत्र वाचायचे आणि त्याच्या वाटच्या विड्या इतरांनी वळून द्यायच्या. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याची अंमलबजावणी केरळात सुरू होताच मंगळूरच्या कारखानदारांनी तिथले कारखाने बंद केले, तेव्हा बेकार झालेल्या कामगारांची 'केरळ दिनेश बीडी' ही सहकारी संस्था १९६९ साली उभी राहिली. या माणसांना संघटना करता आली याचे एक कारण ते एकत्र बसून ऐकत होते हेही आहे.

आता महाराष्ट्राकडे यावे. आपल्याकडे श्रमाचे साहित्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' प्रसिद्ध झाले १९६६ साली, म्हणजे ज्या वर्षी विडी कामगारांचा कायदा झाला त्याच वर्षी. गिरणी कामगार मराठी कवितेत आला, नाटकात आला, १९८२ च्या संपानंतर कादंबरीत आणि चित्रपटात आला. ते योग्यच झाले. पण आपल्या श्रमविषयक कल्पनेला गिरणीच्या भोंग्याची सवय लागली. भोंगा वाजतो, फाटक उघडते, माणसांचा लोंढा बाहेर पडतो, हे आपल्या डोळ्यांपुढचे कामगाराचे चित्र. घरच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसलेल्या बाईला भोंगा नाही, फाटक नाही, पाळी नाही. मूल रडले की ती उठते, भात उतरवते, पुन्हा बसते. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी देशभर अनेक कारखानदारांनी काम घरोघर वाटून टाकले, आणि जे घरोघर वाटले गेले ते साहित्याच्याही दृष्टीआड गेले. हवानाच्या वाचकाला एक दालन पुरत होते. हजारो उंबऱ्यांवर तो कुठे बसणार?

म्हणून ज्यांनी ही भिंत ओलांडली त्यांची नावे घेतली पाहिजेत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत, चाकीवर, तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या स्त्रियांनी प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या सुमारास संघटना बांधली आणि संप केला. अनिल अवचट यांनी त्या स्त्रियांवर लिहिले. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला, त्यात बायका स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या मराठीत बोलतात. त्याच निपाणीत १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. एका गावात, दोन-तीन वर्षांत, तंबाखू पिकवणारा आणि तंबाखू चाळणारी दोघेही उभे राहिले. आपल्या अभ्यासक्रमांत याची जागा कुठे? अवचटांचे लेखन आपण 'ललितेतर' या कप्प्यात टाकले, माहितीपट समाजशास्त्राकडे पाठवला आणि 'कथात्म साहित्य' या प्रश्नपत्रिकेत सिगारेट शिलगावणारा नायक ठेवून घेतला.

सोलापूरची गोष्ट तर साहित्याच्या माणसाने लाजावी अशी आहे. तेथील विडी कामगार बहुतांशी पद्मशाली समाजातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या स्त्रिया. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दीर्घ लढ्यातून शहराबाहेर कुंभारीच्या माळावर त्यांच्यासाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली घरे मिळाली. त्या वसाहतीचे नाव आहे गोदूताई परुळेकर. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकासाठी १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्याच गोदूताई. आपण ते पुस्तक शिकवतो, वारली आदिवासींच्या उठावावर टिपणे काढून देतो. ज्या बायकांनी आपल्या घरांच्या पत्त्यात एका मराठी लेखिकेचे नाव लिहिले आहे, त्या बायकांविषयी आपल्या विभागांतून किती प्रबंध झाले, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या ग्रंथालयात जाऊन सोडवावा.

आपल्या सार्वजनिक संवेदनशीलतेचे माप दुसऱ्या एका प्रसंगाने मिळाले. विडीच्या बंडलावर संभाजी महाराजांचे नाव नको, यासाठी २०२० साली आंदोलन झाले आणि पुढे कंपनीने ते नाव बदलले. मागणी रास्तच होती. थोर पुरुषाचे नाव नशेच्या वस्तूवर असू नये. पण तो सारा वाद कागदाच्या वेष्टनावर झाला. वेष्टनाच्या आत पंचवीस विड्या होत्या आणि त्या वळणाऱ्या बाईला दर हजारी किती मिळते, छाट म्हणून तिच्या किती विड्या नाकारल्या जातात, हा प्रश्न त्या वादात कुणाच्या अस्मितेला शिवला नाही. नावाविषयी हळवे आणि हाताविषयी बधिर, हे आपले वाङ्मयीन व्यक्तिमत्त्वही आहे.

आता माझे स्वतःचे. मी राहतो पळस्प्याला. पळस्पे फाटा म्हणजे मुंबईहून येणारा रस्ता जिथे दुभागतो ती जागा : एक फाटा खोपोलीवरून पुण्याकडे, दुसरा पेणवरून कोकण-गोव्याकडे. न्हावाशेव्याच्या बंदरातले कंटेनर येथून रात्रंदिवस जातात आणि टपऱ्यांवर विडी आजही खपते. मी वीस वर्षे विडी ओढली, आणि आवडीने ओढली. सिगारेट स्वतःहून जळत राहते. विडीकडे लक्ष द्यावे लागते, दोन झुरक्यांत अंतर पडले की ती विझते. ती पेटवण्यापूर्वी बोटांत हलकेच फिरवून सैल करायची, उलट्या बाजूने एक फुंकर मारायची, हे मला टपरीवरच्या चालकांनी शिकवले. पुढे कर्नाळ्याची चढण चढताना दम लागू लागला, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि अकरा वर्षांपूर्वी मी विडी सोडली. वळणारीच्या कळवळ्याने सोडली, असे सांगण्याचा मोह मी टाळतो. पावसाळ्यात त्या कडवट चवीची आठवण अजून होते, आणि ती होऊ नये असा माझा आग्रहही नाही.

एक हिशेब मात्र मला मांडता येतो. दिवसाला दहा या दराने वीस वर्षांत ७३,००० विड्या झाल्या. दिवसाला हजार वळणाऱ्या बाईचे हे ७३ दिवसांचे काम. म्हणजे कुणातरी एका स्त्रीची अडीच महिने वाकलेली पाठ, तंबाखूच्या धुळीने भरलेले नाक आणि कातरीने घट्टे पडलेली बोटे, एवढे सगळे एकट्या माझ्या छातीतून धूर होऊन गेले. मी विडी बोटांत सैल करत होतो, तेव्हा तिने घट्ट वळलेलेच उसवत होतो. ओढणाऱ्याला छाप ठाऊक असतो, दोऱ्याचा रंग ठाऊक असतो, तंबाखू कडक की मऊ हे ठाऊक असते. वळणारीचे गावही ठाऊक नसते. वाचक आणि पुस्तक यांच्या नात्यावर आपण इतके सिद्धान्त शिकवतो. वस्तू आणि तिचा कर्ता यांच्यामधल्या या अंतरावर एखादा तास घ्यायला काय हरकत आहे?

येथे दुसऱ्या बाजूचे मित्र खूश होतील आणि म्हणतील, मग विडीच बंद करा. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. विडी घातक आहे यात तिळमात्र शंका नाही. डांबर आणि निकोटिन यांच्या बाबतीत ती सिगारेटपेक्षा सौम्य नाही, उलट अधिकच आहे. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, २००८ पासूनची सार्वजनिक धूम्रपानबंदी, वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापणारे २०१६ पासूनचे चित्ररूप इशारे, हे सगळे आवश्यकच होते. पण व्यसनमुक्तीच्या आपल्या गद्यातही वळणारी नाही. तेथे ओढणारा पापी असतो, कारखानदार खलनायक असतो आणि बाई हा एक आकडा असतो. दुसरीकडे कारखानदार त्याच आकड्याची ढाल करतात. कर वाढला, इशारा मोठा झाला, की लगेच 'लाखो गरीब स्त्रियांच्या रोजगारा'ची आठवण होते. १९७६ पासून विडी कामगारांच्या कल्याणासाठी जो उपकर घेतला जाई तो २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला. १९६६ चा त्यांचा स्वतंत्र कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत विरून गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. ही सूट हजारी दरात किती उतरते, हे विचारणे अर्थशास्त्रज्ञांचे काम खरे. पण 'गरीब स्त्री' हा शब्द या वाक्यांत कोण, कुणासाठी आणि कशाच्या बदल्यात वापरतो, हे विचारणे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे.

प्रश्न सोपा नाही हे गडचिरोलीत दिसते. त्या जिल्ह्यात उन्हाळ्यातला तेंदूपत्ता हे आदिवासी घरांचे मोठे रोख उत्पन्न; अनेक ग्रामसभांनी त्याच्या विक्रीचा हक्क स्वतःकडे घेतला, आणि तो त्यांच्या स्वायत्ततेचा पाया ठरला. त्याच जिल्ह्यात 'सर्च'च्या पुढाकाराने २०१६ पासून दारू आणि तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' अभियान चालू आहे. पान खुडण्याचा हक्क आणि विडी सोडण्याची हाक एकाच गावात, कदाचित एकाच घरात, नांदतात. कादंबरीला याहून अधिक ताण कोणता हवा असतो? पण असा ताण पेलायचा तर धूर बाजूला सारून पान पाहावे लागेल.

माझी भूमिका संदिग्ध राहू नये म्हणून स्पष्ट लिहितो. विडीचा धंदा संपावा असे मला वाटते. ती 'पारंपरिक कला' आहे म्हणून जपावी, हा सिगारप्रेमींचा युक्तिवाद तिला लावणे म्हणजे बाईच्या खोकल्याला वारसा म्हणणे होय. सूप मुलीच्या मांडीवर येऊ नये म्हणून वळणारी स्वतःच धडपडते. तिच्यापेक्षा अधिक परंपराप्रेमी होण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र धंदा संपताना तिला निवृत्तिवेतन, उपचार आणि दुसरे काम मिळाले पाहिजे, आणि तिची भाषा नोंदलेली असली पाहिजे. यातले पहिले शासनाने करायचे आहे. दुसरे आपण करायचे आहे आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको.

तेव्हा मराठी विभागांना माझ्या सूचना साध्या आहेत. सिन्नर, संगमनेर, सोलापूर आणि निपाणी येथील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकरवी विडीच्या कामाचा शब्दसंग्रह करावा; माप, कात्री, पान, दोरा, छाट, हिशेब यांचे तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी मिसळलेले शब्द अजून बोलले जातात, वीस वर्षांनी ते ऐकायला मिळणार नाहीत. कथात्म साहित्याच्या तासाला सिगारेटच्या धुरातली कथा शिकवावी, पण तिच्या शेजारी अवचटांचा निपाणीवरचा लेख ठेवावा आणि विद्यार्थ्यांना दोन्ही एकाच प्रश्नपत्रिकेत विचारावे. आणि कुंभारीच्या वसाहतीत जाऊन, बायका वळत असताना, त्यांना हवे ते पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे. काय वाचायचे ते हवानाप्रमाणे त्यांनीच ठरवावे. त्यांनी गोदूताईंचेच पुस्तक मागितले तर उत्तम. एखादी मालिकेची गोष्ट मागितली तरी वाचावी. वाचून झाल्यावर त्या काय म्हणतात ते लिहून घ्यावे. मराठी समीक्षेला ते नवे असेल.